स्वतःच्या अकलेने किंवा बळाने

पोटापाण्यासाठी मी जर्मन कागदपत्रांची भाषांतरे करतो. त्यात यंत्रांच्या माहितीपुस्तिका असतात, करारनामे असतात, कधी जन्माचे दाखले असतात. धर्मशास्त्राचा आणि माझा संबंध वाचनापुरता. त्यामुळे एका ख्रिस्ती मित्राने त्यांच्या अभ्यासमंडळासाठी सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या 'लहान प्रश्नोत्तरी'चा एक भाग मूळ जर्मनवरून मराठीत करून मागितला, तेव्हा दोन संध्याकाळचे काम म्हणून मी होकार दिला. विश्वासांगीकाराची, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाच्या थोडक्या मांडणीची, तीन कलमे आणि त्यांवरचे ल्यूथरचे स्पष्टीकरण, एवढाच मजकूर होता. त्यात 'फेअरनुन्फ्ट', म्हणजे बुद्धी, हा एकच शब्द दोनदा आला, आणि त्या दोन जागांमुळे काम दोन महिने लांबले.

हे पुस्तक १५२९ सालचे. त्याच्या आदल्या वर्षी सॅक्सनीतल्या गावोगावच्या मंडळ्यांची पाहणी झाली होती आणि खेड्यांतल्या सामान्य माणसाला ख्रिस्ती शिकवणुकीतले काहीच येत नाही हे पाहून ल्यूथर हादरला होता. म्हणून घरच्या कर्त्या माणसाने मुलाबाळांना आणि गडीमाणसांना शिकवता यावे अशा बेताने त्याने ते लिहिले. पहिल्या कलमात निर्माणकर्त्या देवाने मला काय काय दिले याची यादी आहे: शरीर आणि आत्मा, डोळे, कान, सगळे अवयव, बुद्धी आणि सगळी इंद्रिये, शिवाय कपडे आणि जोडे, खाणेपिणे, घरदार, बायकामुले, शेत, गुरेढोरे. बुद्धी इथे जोड्यांच्या आणि गुरांच्या पंगतीत बसली आहे, आणि त्यात तिचा अपमान नाही, कारण ही सगळी यादी कृतज्ञतेची आहे. पण तिसऱ्या कलमाचे स्पष्टीकरण सुरू होते तेच असे: माझ्या स्वतःच्या बुद्धीने किंवा बळाने मी माझा प्रभू येशू ख्रिस्त याच्यावर विश्वास ठेवू शकत नाही किंवा त्याच्याकडे येऊ शकत नाही, असा माझा विश्वास आहे, पवित्र आत्म्याने मला शुभवर्तमानाच्या द्वारे बोलावले आहे. मित्राचे म्हणणे असे पडले की पहिल्या ठिकाणी 'बुद्धी' ठेवावे आणि दुसऱ्या ठिकाणी 'तर्क' किंवा 'मानवी ज्ञान' असे काही घालावे, म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही. गोंधळ टाळावा की राहू द्यावा हे ठरवण्यासाठी ल्यूथरने हा शब्द इतरत्र कसा वापरला आहे ते पाहणे भाग होते.

बहुतेकांना ल्यूथरचे या विषयावरचे एकच वचन ठाऊक असते, ते म्हणजे बुद्धी ही सैतानाची वेश्या आहे. वचन खरे आहे. १७ जानेवारी १५४६ रोजी विटेनबर्गमध्ये त्याने दिलेल्या शेवटच्या प्रवचनात ते आहे. त्यानंतर महिन्याभराने, १८ फेब्रुवारीला, तो आपल्या जन्मगावी आइसलेबेनला वारला. मराठीत या शब्दासाठी याहून रोकडा पर्याय आहे आणि ल्यूथरचा मूळ सूर पाहता तोच जास्त शोभला असता, पण अभ्यासमंडळाला तो झेपला नसता. या वचनाच्या शेजारी १८ एप्रिल १५२१ चे वर्म्सच्या सभेतले त्याचे उत्तर ठेवले की कोडे पडते. सम्राटासमोर लिखाण मागे घेण्यास नकार देताना तो म्हणाला की पवित्र शास्त्राच्या साक्षीने अथवा स्पष्ट युक्तिवादाने माझी खात्री पटवून दिल्याखेरीज मी माघार घेऊ शकत नाही, कारण पोप आणि धर्मपरिषदा पुष्कळदा चुकल्या आहेत आणि त्यांनी एकमेकींच्या विरुद्ध निर्णय दिले आहेत. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या पेचात ज्या बुद्धीला साक्षीला बोलावले, तिलाच मरणाआधी असले नाव का द्यावे? काही अभ्यासक म्हणतात की वर्म्सला त्याला शास्त्रवचनांवरून काढलेले सरळ अनुमान एवढेच अभिप्रेत होते. मला ते पटते, पण अनुमान काढते ती बुद्धीच, हेही तितकेच खरे.

ल्यूथर बुद्धीच्या कामात कच्चा होता असे कोणी समजू नये. १५०१ पासून तो एरफुर्टच्या विद्यापीठात शिकला आणि १५०५ मध्ये त्याने तिथली मास्टरची पदवी घेतली. तिथे मध्ययुगीन तत्त्वज्ञ ऑकम याच्या परंपरेतल्या शिक्षकांनी त्याला तर्कशास्त्र घोटून शिकवले होते. देवाविषयी तर्काने काय सिद्ध करता येते आणि काय येत नाही, यांतली सीमारेषा फार अलीकडे ओढणारी ही परंपरा. सप्टेंबर १५१७ मध्ये, म्हणजे त्या गाजलेल्या पंच्याण्णव प्रमेयांच्या आधीच, त्याने पंडिती, म्हणजे मध्ययुगीन विद्यापीठांतल्या, धर्मशास्त्राविरुद्ध प्रमेयांची दुसरी एक मालिका वादासाठी मांडली होती. ॲरिस्टॉटलशिवाय कोणी धर्मशास्त्री होऊ शकत नाही हे म्हणणे चूक आहे. उलट ॲरिस्टॉटलला वगळल्याशिवाय कोणी धर्मशास्त्री होतच नाही, असे त्यात आहे. मात्र १५२० मध्ये विद्यापीठांच्या सुधारणेविषयी लिहिताना त्याने ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र, पदार्थविज्ञान, सत्ताशास्त्र आणि आत्म्यावरचा ग्रंथ बाहेर काढायला सांगितले, आणि तर्कशास्त्र, वक्तृत्व व काव्यशास्त्र यांवरचे ग्रंथ ठेवायला सांगितले. घरातून हाकललेल्या पाहुण्याच्या पेटीतली हत्यारे तेवढी ठेवून घ्यावीत, असा हा प्रकार आहे. नीतिशास्त्रावर त्याचा इतका राग का, याचे उत्तर पुढे येईल.

आधी बुद्धीच्या कौतुकाची बाजू पाहू, कारण ती फार थोड्यांच्या वाचनात येते. १५३६ मध्ये त्याने 'मनुष्याविषयी' म्हणून चाळीस प्रमेये लिहिली. त्यांत तो म्हणतो की या जीवनातल्या इतर सर्व गोष्टींच्या तुलनेत बुद्धी श्रेष्ठ आहे, तिच्यात काही दैवी आहे. सगळ्या कला, वैद्यक आणि कायदे तिच्यातूनच निघाले. या जगाच्या व्यवहारांवर तिला सूर्यासारखे नेमले आहे. एवढ्यावर तो थांबत नाही. आदामाच्या पतनानंतरही देवाने बुद्धीचे हे वैभव काढून घेतले नाही, उलट ते कायम केले, असे त्याचे नववे प्रमेय आहे. ज्याला बुद्धीचा शत्रू म्हणून हिणवले जाते त्याने हे लिहिले आहे.

आणि हे नुसते विद्यापीठातल्या वादापुरते नव्हते. ऐहिक सत्तेवरच्या १५२३ च्या पुस्तिकेच्या शेवटी तो बर्गंडीच्या ड्यूक चार्ल्सची एक गोष्ट सांगतो. एका सरदाराने आपल्या शत्रूला कैद केले. कैद्याची बायको त्याला सोडवायला आली. माझ्याशी रत झालीस तर नवरा परत देईन, असे सरदार म्हणाला. तिने नवऱ्याला विचारले; जीव वाचावा म्हणून त्याने संमती दिली. दुसऱ्या दिवशी सरदाराने त्याचे डोके उडवून प्रेत तिच्या हवाली केले. ती ड्यूककडे गेली. ड्यूकने सरदाराला बोलावून तिच्याशी लग्न करायला लावले, आणि लग्नाचा दिवस उलटल्यावर त्याचा शिरच्छेद करून त्याची सगळी मालमत्ता त्या बाईला दिली. बाईची अब्रू राहिली, न्याय झाला आणि सरदाराला जसा शब्द त्याने दिला होता तसाच शब्द मिळाला. असा निवाडा कोणताही पोप, कोणताही वकील किंवा कोणतेही पुस्तक शिकवू शकले नसते, असे ल्यूथर म्हणतो. तो पुस्तकांतल्या सर्व कायद्यांच्या वर असलेल्या मोकळ्या बुद्धीतून आला. आजच्या वाचकाला त्या बाईची फरफट आधी दिसेल, मलाही दिसली. तरी राज्यकारभाराचे शेवटचे प्रमाण म्हणून ल्यूथर बायबलकडे बोट दाखवत नाही, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

मग बिनसते कुठे? बायबलातल्या योनाच्या पुस्तकावरच्या १५२६ च्या भाष्यात मला याचे सर्वांत स्वच्छ उत्तर सापडले. वादळात सापडलेल्या तारवावरचे खलाशी आपापल्या देवाचा धावा करतात, त्या ओळीवर ल्यूथर थबकतो. देव आहे, तो संकटात मदत करू शकतो, हे या परक्या माणसांनाही ठाऊक आहे, म्हणजे बुद्धीला ते कळते. पण देव आहे हे कळणे वेगळे आणि देव कोण आहे, तो माझ्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो हे कळणे वेगळे. पहिले बुद्धीला साधते, दुसरे साधत नाही, आणि तरीही ती गप्प बसत नाही. ती देवाबरोबर आंधळी कोशिंबीर खेळते, असे तो म्हणतो. जर्मनमध्ये या खेळाचे नाव 'आंधळी गाय' असे आहे, भाषांतर करताना मला काहीच करावे लागले नाही. डोळ्यांवर पट्टी आहे, हात पुढे केलेले आहेत, आणि दर वेळी ती भलत्यालाच धरून म्हणते, हाच देव. जो खरा आहे त्याला चुकवून पुढे जाते. या चित्रातली बुद्धी देव शोधण्यात अगदी गुंगलेली आहे. ती नास्तिक मुळीच नाही.

मराठी वाचकाची गल्लत नेमकी इथे होते, माझीही झाली. आगरकरांपासून आपल्याकडे बुद्धिप्रामाण्याचा जो वाद चालत आला, त्यात बुद्धी शंका विचारते आणि श्रद्धा तिला गप्प करू पाहते. ही पात्रयोजना मनात धरून ल्यूथर वाचला की तो शंकेचा वैरी वाटतो. पण त्याला खटकते ती बुद्धीची शंका नसून तिची धार्मिकता. बुद्धी उपजतच हिशेबी आहे. व्यवहारात हा गुण आहे, आणि तोच गुण घेऊन ती देवासमोर जाते. मी इतके केले म्हणजे देव प्रसन्न होईल, मी चुकलो म्हणजे तो कोपेल, उपासाचे इतके, जपाचे इतके, दानाचे इतके. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रावर त्याने १५३१ मध्ये दिलेल्या आणि १५३५ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत हे पुनःपुन्हा येते: भिक्षूंचा मठ असो, पोपचा दरबार असो की तुर्कांचा धर्म असो, वेष निराळे असले तरी आतला हा जमाखर्च एकच आहे. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरचा राग यातूनच येतो, कारण नीतीची कृत्ये करता करता माणूस नीतिमान होतो असे तिथे शिकवले आहे. गवंड्याच्या किंवा न्यायाधीशाच्या बाबतीत ल्यूथरला हे मान्य आहे. देवासमोर मात्र आधी फुकट स्वीकार आणि मग त्यातून कृत्ये, असा क्रम उलटा आहे, आणि 'फुकट' हा शब्द हिशेबी बुद्धीच्या वहीत बसतच नाही. म्हणून त्याच व्याख्यानांत तो म्हणतो की विश्वास बुद्धीचा वध करतो; साऱ्या जगाला जे जनावर मारता आले नाही त्याला तो मारतो. वाक्य भयंकर आहे. पण मारले जाते ते काय, हे पाहिले तर तो खातेवहीचा कारकून निघतो.

घरगुती उदाहरण हवे असेल तर १५२२ चे विवाहावरचे लिखाण वाचावे. तिथेही तो बुद्धीला वेश्याच म्हणतो, फक्त 'हुशार' हे विशेषण लावून. ही हुशार बाई संसाराकडे पाहून नाक मुरडते: अरेरे, मी पाळणा हलवायचा, दुपटी धुवायची, अंथरूण घालायचे, घाण वास सोसायचा, रात्री जागायचे? त्यापेक्षा एकटे राहून निवांत जगावे, किंवा मठात जावे हे बरे. विश्वास तीच दुपटी पाहतो आणि त्याला ती सोन्यारत्नांनी मढवल्यासारखी दिसतात, कारण हे काम देवाने नेमून दिले आहे हे त्याला ठाऊक असते. बाप दुपटी धुतो म्हणून लोकांनी त्याला बायकी म्हणून हसावे, पण देव आणि त्याचे सगळे देवदूत कौतुकाने हसत असतात, असे ल्यूथर लिहितो. आणि हे लिहिले तेव्हा त्याचे लग्नही झालेले नव्हते. इथे बुद्धीला दिसत नाही असे काय आहे? दुपटी, वास आणि जागरण तिला विश्वासापेक्षा जास्त स्पष्ट दिसतात. या कामाला देवाकडे काय मोल आहे हे तेवढे तिला दिसत नाही, कारण तिच्या तराजूत मठातले व्रत जड असते.

इथपर्यंत ल्यूथरबरोबर चालणे मला सोपे गेले. मारबुर्गला मात्र माझी पावले जड होतात. १५२९ च्या ऑक्टोबरमध्ये हेसेचा राज्यकर्ता फिलिप याने त्याला आणि झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली याला आपल्या किल्ल्यात समोरासमोर बसवले. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले आणि प्रभुभोजनावरच्या शेवटच्या कलमात, भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरोखर असते का या मुद्द्यावर, गाडे अडले. ल्यूथरने सुरुवातीलाच मेजावर खडूने लॅटिनमध्ये 'हे माझे शरीर आहे' एवढे शब्द लिहून ठेवले होते. शरीर एका वेळी अनेक ठिकाणी असू शकत नाही आणि ख्रिस्त तर स्वर्गात गेला आहे, असे झ्विंग्लीची बाजू सांगू लागली. पुरावा मागितला गेला तेव्हा ल्यूथरने मेजावरचे मखमली वस्त्र उचलून ते खडूचे शब्द दाखवले. देव गणिताच्या वर आहे, असे त्याचे म्हणणे. गंमत अशी की वर्षभरच आधी याच विषयावर लिहिताना एखादी वस्तू एखाद्या जागी किती प्रकारे असू शकते याचे जे बारीक वर्गीकरण त्याने वापरले, ते थेट त्याच्या जुन्या पंडिती शिक्षणातले होते. म्हणजे शब्द सांभाळायला बुद्धी चालते, त्या शब्दाला प्रश्न विचारायला चालत नाही. झ्विंग्ली काही देवाशी जमाखर्च मांडत नव्हता. तो एका वाक्याचा अर्थ विचारत होता, आणि वाक्याचा अर्थ लावणे हे ल्यूथरने स्वतः आयुष्यभर केलेले काम होते. हिशेबी बुद्धीला दिलेले उत्तर त्याने इथे विचारणाऱ्या बुद्धीला दिले, असे माझे मत आहे. ल्यूथरी वाचक माझ्याशी सहमत होणार नाहीत याची कल्पना आहे.

त्या मानाने मानवतावादी पंडित इरास्मसला दिलेल्या उत्तरात तो जास्त प्रामाणिक वाटतो. इरास्मसने १५२४ मध्ये स्वतंत्र इच्छेच्या बाजूने लिहिले. ल्यूथरने १५२५ च्या डिसेंबरात त्याचे खंडन प्रसिद्ध केले. शेवटाकडे तो तीन प्रकाशांची गोष्ट काढतो. निसर्गाच्या प्रकाशात, म्हणजे बुद्धीला, सज्जन दुःखात आणि दुर्जन सुखात का हे सुटत नाही. कृपेच्या प्रकाशात ते सुटते, कारण या जीवनापलीकडेही जीवन आहे. पण कृपेच्या प्रकाशातही एक प्रश्न सुटत नाही: जो माणूस स्वतःच्या बळावर पापाखेरीज काही करूच शकत नाही, त्याला देव दोषी कसा धरतो? ते गौरवाच्या प्रकाशात, म्हणजे शेवटी, कळेल. इथे विश्वासाने बुद्धीवर मात केली असा आव नाही; विश्वासाच्या हातात उरलेले कोडे त्याने उघड ठेवले आहे. याच ग्रंथात तो कबूल करतो की या विचाराने आपण एकदा नव्हे, अनेकदा निराशेच्या खाईत गेलो आणि माणूस म्हणून जन्मालाच आलो नसतो तर बरे होते असे वाटले.

ल्यूथरच्या मागे त्याच्या लोकांना विद्यापीठे चालवायची होती. त्याचा सहकारी मेलांख्थोन याने ॲरिस्टॉटलला विटेनबर्गच्या वर्गात परत आणून बसवले होतेच; तोही व्यवहारापुरता, कारण १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे ल्यूथरी विश्वासाच्या अधिकृत मांडणीत, माणसाला नागरी नीतीपुरते आणि बुद्धीच्या कक्षेतल्या गोष्टींपुरते निवडीचे स्वातंत्र्य आहे असे कलम आहे. पुढच्या पंडितांनी बुद्धीचे दोन वापर ठरवले, दासीचा आणि मालकिणीचा. वचनांचे व्याकरण लावणे, विसंगती दाखवणे, अनुमान काढणे हे दासीचे काम. वचन खरे की खोटे याचा निवाडा करणे हे मालकिणीचे, आणि ते निषिद्ध. वर्गीकरण सोयीचे आहे, पण ल्यूथरची कळ त्यात राहिलेली नाही. दासीसुद्धा जमाखर्च लिहू शकते.

ताण मात्र गेला नाही. हाले शहरात भक्तिपंथी ल्यूथरी मंडळींचे वजन होते. तिथल्या विद्यापीठात १७२१ मध्ये तत्त्वज्ञ क्रिस्टियान वोल्फने कन्फ्यूशियसच्या लोकांनी प्रकटीकरणावाचून, निव्वळ बुद्धीने चांगली नीती गाठली असे व्याख्यान दिले, आणि १७२३ मध्ये राजाने त्याला अठ्ठेचाळीस तासांत राज्य सोडण्याचा, नाहीतर फाशी जाण्याचा हुकूम दिला. तो मारबुर्गला गेला. याच हालेत शिकलेला मिशनरी बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग १७०६ मध्ये तरंगमबाडीला उतरला होता. तमिळ लोकांविषयी त्याने लिहिले की निसर्गाच्या प्रकाशाने यांना एक देव आहे हे कळते, आणि मग त्यांच्या देवदेवतांची वंशावळ एवढ्या बारकाईने लिहून पाठवली की ती छापायलाच १८६७ साल उजाडले. योनाच्या तारवावरचे खलाशी त्याला इथे कावेरीच्या मुखाशी भेटले होते.

एवढे वाचून मी मित्राला सांगितले की दोन्ही ठिकाणी शब्द एकच राहील. ज्या बुद्धीबद्दल सकाळी आभार मानायचे, तिच्याच बळावर देवाकडे जाता येत नाही असे म्हणायचे. शब्द बदलला तर तिसऱ्या कलमात दुसरीच कोणीतरी दोषी ठरते आणि पहिल्या कलमातली सुटते. मी 'अक्कल' सुचवले, कारण गडीमाणसांना शिकवायच्या पुस्तकात तो शोभतो आणि 'स्वतःच्या अकलेने किंवा बळाने' हे जिभेवर बसते. मंडळातल्या वडीलधाऱ्यांना तो उपासनेच्या भाषेत फार उघडावाघडा वाटला. 'विश्वास' या शब्दावर मात्र कोणाचेच दुमत नव्हते. मराठी बायबलने 'श्रद्धा' न घेता तोच शब्द घेतला, आणि आपण माणसावर टाकतो तोच हा विश्वास असल्याने ल्यूथरला हवा असलेला भरवसा त्यात आपसूक येतो. शेवटी छापील प्रतीत दोन्हीकडे 'बुद्धी' गेली. माझ्या प्रतीत तिसऱ्या कलमाशेजारी पेन्सिलीने 'अक्कल' लिहिलेले आहे, आणि पहिल्या कलमाशेजारीही, जोड्यांच्या जरा आधी.